मशिनीचा आडोसा

आडोसा म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे आडोसा म्हणजे मध्ये नुसतं काहीतरी उभं केलेलं नव्हे. बाईमाणूस आंघोळीला बसलंय आणि पलीकडून जाणाऱ्याला तिचा दंडसुद्धा दिसत नाही, त्याला आडोसा म्हणतात. अर्धा आडोसा, पाऊण आडोसा अशी भानगड आमच्या बोलीत नाही. तो एकतर असतो, नाहीतर नसतो. मी लग्न होऊन आल्यापासून सासरी हा आडोसा मागत होते, बायकांच्या न्हाणीला. पुरुषांनी तो शेवटी केला, पण एसीच्या बाहेरच्या डब्याला. आणि त्या डब्यापायी माझ्या सासूची आंघोळीची जागा गेली. एवढीच गोष्ट आहे. पण आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

माझं माहेर शिनोलीचं. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न झालं आणि मी नारायणगावच्या बाजूला, हायवेपासून आत असलेल्या मळ्यात नांदायला आले. माहेरी जमीन जेमतेम, भात पिकला तर पिकला. पण न्हाणीला चारी बाजूंनी कूड होता आणि दाराला गोणपाट. सासर बागायतदारांचं. टोमॅटो, द्राक्षं, विहिरीवर मोटर, दारात ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला पत्र्याची शेड होती. बैलांना गोठा होता. फवारणीच्या पंपाला कुलपाची खोली होती. आणि बायकांना घरामागं एक धोंडा होता.

धोंडा मात्र झकास, खोटं कशाला बोलू. काळा, रुंद, वरून सपाट, पिढ्यान्‌पिढ्या अंग घासून गुळगुळीत झालेला. दोघी बसतील एवढा. त्याच्या तीन अंगांना बांबू रोवून पोती बांधलेली, आणि चौथं अंग सताड उघडं. त्या उघड्या अंगानं बांधावरची वाट जायची. टोमॅटो तोडायला येणारी माणसं, दूधवाला, पलीकडच्या मळ्यातले पाहुणे, सगळे त्याच वाटेनं. म्हणून घरातल्या बायकांनी झुंजूमुंजू व्हायच्या आत लुगड्यासकट दोन तांबे अंगावर ओतून घ्यायचे आणि कुडकुडत आत पळायचं. त्याला आंघोळ म्हणायचं.

मी पहिल्याच महिन्यात सासऱ्यांना विचारलं. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर उभ्या राहत नसत, पण मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मामा, न्हाणीला तेवढा चौथ्या बाजूनं आडोसा करा की."

मामंजी तंबाखू मळत होते. म्हणाले, "आपल्याच रानात कोन बघतंय?"

"मग ट्रॅक्टरला शेड कशाला केली? त्याला कोण बघतंय?"

"पावसानं गंजतंय त्ये."

बाया गंजत नाहीत ना. पुढं पंधरा दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत, आणि आमचे हे म्हणजे गरीब गाय. घरात शब्दाला शब्द लागला की हे गोठ्यात जाऊन बैलांना वैरण टाकायचे. माझ्या लग्नानंतर त्या बैलांची चंगळ झाली. आणि आडोसा? द्राक्षं उतरली की करू, लगनसराई सरली की करू, पाऊसपाणी झालं की करू. करू करू म्हणत दोन वर्षं गेली.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा परसातल्या अडुळशाच्या काठ्या तोडल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. अडुळसा लावायला सोपा. काठी खोचली की फुटते, शेळी त्याला तोंड लावत नाही, आणि वाढला की दाट होतो. माझी सासू, आत्याबाई, दारातच उभी होती. पोतं उघडून बघितलं आणि म्हणाली, "लोकांच्या सुना म्हायेराहून सोनंनाणं आनत्यात. आमच्या सूनबाईंनी झुडपं आनली." तेव्हा आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं. त्या कडक, मी फटकळ. एका म्यानात दोन तलवारी.

मी त्या काठ्या धोंड्याभोवती दाट लावल्या आणि वाटेच्या बाजूला दुहेरी. पाणी घालायचं कामच नव्हतं, आंघोळीचंच पाणी जात होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर अडुळसा माणसाच्या वर गेला. आत शिरायला एका कोपऱ्यात आडवं अंग करून जाता येईल एवढी फट ठेवली होती. एकदा आत गेलं की वर आभाळ, खाली धोंडा, आणि बाकी जगाला रामराम.

सगळ्यात जास्त तो लाभला आत्याबाईंना. जन्मभर अंधारात आंघोळ केलेली बाई. सोळाव्या वर्षी त्या घरात आली, आठ बाळंतपणं झाली, त्यातली चार पोरं जगली, आणि एवढ्या काळात स्वतःची पाठ उन्हात कधी धुतली नव्हती. आता त्या सकाळची कामं उरकून, ऊन वर आल्यावर आंघोळीला जायला लागल्या. शेजारी तांब्याचा बंब. टोमॅटोच्या जुन्या काठ्या घालून त्या स्वतः पेटवायच्या. मग कढत पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आत जायच्या आणि तासभर बाहेर यायच्या नाहीत. मामंजींनी हाक मारली तर आतून ओरडायच्या, "मी न्हाते, मला हाका मारू नका." घरातल्या कारभाऱ्याला असं बोलायची मुभा त्यांना दिवसभरात फक्त तिथंच होती. बाहेर आल्या की चेहरा निवलेला असायचा. एकदा मला म्हणाल्या, "तुझी झुडपं बरी निघाली गं." एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं.

मग आमचं पण तिथं सुरू झालं. आंघोळ झाली की मी त्यांची पाठ घासायची. त्या माझे केस विंचरायच्या. घरात जे बोलता येत नव्हतं ते तिथं बोलायचो. रडायचं असलं तरी तिथंच. पाण्याच्या आवाजात कळत नाही.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. दोन हजार सालानंतर टोमॅटोला लागोपाठ चांगले भाव सापडले आणि मामंजींनी बंगला बांधायला काढला. जुन्या घराच्या जागेवरच, स्लॅबचा, समोर खांब, वर गच्ची. आत बाथरूम झाली. गुलाबी फरशी, चकचकीत नळ. मीही हरखले. आत्याबाईंना मी हाताला धरून दाखवायला नेलं. त्यांनी एक पाय आत टाकला आणि कोपऱ्यातला कमोड बघून तो बाहेर घेतला.

"ह्ये काय?"

"संडास हाय आत्या."

"आन्‌ आंघुळ कुठं?"

"हितंच."

"हागायच्या भांड्याशेजारी बसून मी न्हाऊ? मला काय येड लागलंय व्हय?" आणि पाय घसरतोय म्हणत भिंतीला धरून मागं फिरल्या. मामंजींनी पुष्कळ समजावलं, मग ओरडले. आत्याबाई ऐकायला तयार नाहीत. बंगला झाला तरी त्या आपल्या मागच्या धोंड्यावरच. सत्तरीला टेकलेली बाई, तिला एवढी एकच गोष्ट हवी होती. दागिना नको, तीर्थयात्रा नको, वर आभाळ असलेली आंघोळ हवी.

तेवढ्यात धाकट्या दिराचं लग्न ठरलं. दिराचं नारायणगावात खता-औषधांचं दुकान. मुलगी पिंपरीकडची, शिकलेली. तिच्या वडिलांनी लेकीला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून एसी देऊ केला. आता आमच्या भागाची हवा कशी, तर चैत्र-वैशाखातसुद्धा पहाटे पांघरूण लागतं. त्यात त्या वर्षांत लोडशेडिंग असं की लाईट आली तर पाहुण्यासारखी यायची. फ्रीजमध्ये दूध नासत होतं आणि हे एसी लावणार. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय. पण व्याह्याची भेट, नाही कशी म्हणणार. मामंजी गावभर सांगत सुटले.

लग्नाच्या आधी महिनाभर एसी लावायला मेकॅनिक आला. दिराची खोली मागच्या अंगाला. आतलं मशीन भिंतीवर चढवलं आणि बाहेरचा डबा कुठं ठेवायचा ते बघायला सगळे घरामागं गेले. मेकॅनिक म्हणाला, बाहेरच्या डब्याला खाली पक्कं आणि सपाट पाहिजे, ओटा बांधून घ्या. आणि नळी फार लांब नेता येणार नाही, खिडकीच्या आसपासच ठेवा. मामंजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि अडुळशात शिरून म्हणाले, "ओटा कशाला? ह्यो काय धोंडा. आयता हाय."

मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवून पळाले. म्हटलं, "मामा, तो आत्यांचा धोंडा हाय."

"धोंडा कुनाचा असतो व्हय? सातबाऱ्यावर चढवलाय का तिनं?"

दीर हसला. मेकॅनिकही हसला. आमचे हे तिथंच उभे होते. ते म्हणाले, "जाऊ दे, आत बाथरूम हाय की."

"त्यांना आतलं जमत नाही, तुमाला माहीत नाही का?"

"सवय व्हईल," मामंजी म्हणाले. "आन्‌ ही झुडपं काढा. पावनं बंगल्याभवती हिंडून बघनार, आन्‌ मागं ह्यो उकिरड्यावरचा अडुळसा? शिकलेली मान्सं हायेत ती."

कोयता आणला. गड्याला हाक मारली. माझ्या डोळ्यांदेखत अडुळसा मुळापासून छाटायला लागले. तेवढ्यात आत्याबाई मागच्या दारानं आल्या. खांद्यावर धुवट लुगडं, हातात तांब्या, बंब पेटवून झालेला. त्या रोजच्यासारख्या आंघोळीला निघाल्या होत्या. समोर बघितलं तर आडोसा अर्धा आडवा झालेला आणि त्यांच्या धोंड्यावर एक पांढरा पत्र्याचा खोका. त्या जागच्या जागी थांबल्या. गड्यानं कोयता खाली केला. तो बिचारा आत्याबाईंकडं बघेना.

मामंजी म्हणाले, "आत जा. आत बाथरूम हाय ना."

मी वाट बघत होते की आत्याबाई बोलतील. आयुष्यभर गडी-माणसांना, सुनांना, नणंदांना चळाचळा कापायला लावणारी बाई ती. पण समोर परका मेकॅनिक, आणि विषय स्वतःच्या आंघोळीचा. बाईमाणूस काय बोलणार? त्या वळल्या आणि आत गेल्या. बंबातलं पाणी दुपारी मी भांडी घासायला वापरलं.

आता खरी गंमत ऐका. डबा बसला, आणि चार दिवसांनी मामंजी गच्चीवरून बघून खाली आले ते कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, "त्ये मशीन लई उघडं दिसतंय. त्याला आडोसा केला पायजे."

मी भाकरी थापत होते. कानावर विश्वास बसेना. जो शब्द मी त्यांच्यासमोर उगाळून उगाळून झिजवला, तो शब्द त्यांच्या तोंडातून आला, आणि तोही आपणहून. मी म्हटलं, "आपल्याच रानात कोण बघतंय मामा?" ते एकदा माझ्याकडं बघून बाहेर गेले. कळलं त्यांना, कळलं नाही असं नाही.

आणि कामाचा झपाटा काय सांगावा. दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या नर्सरीतला माणूस मोटारसायकलवर आला. तिसऱ्या दिवशी टेम्पो भरून झाडं. मोरपंखी, क्रोटन, कसलं ते पिवळ्या पानांचं कुंपणाचं झाड, त्याला तो गोल्डन म्हणत होता. पांढरे गोटे आले. हिरवळीचे चौकोनी तुकडे आले, चटईसारखे अंथरायचे. एक सिमेंटचा बगळा आला, एका पायावर उभा. झाडांना ठिबक केलं. ज्या घरात बायकांच्या मोरीचं गटार तुंबलं तर चार महिने कुणी बघत नसे, त्या घरात मशिनीच्या झाडांना थेंब थेंब पाणी.

नर्सरीवाला सांगत होता, "काका, झाडं जरा लांबून लावू. मशीनला हवा लागते, समोरून मोकळं सोडायला पायजे." मामंजींना ते पटेना. इथंच आमचा तो शब्द नडला. ते म्हणाले, "समोरून मोकळं सोडलं तर आडोसा कशाचा? आडोसा करायचा तर धड कर." चारी बाजूंनी मोरपंखी लावली, अंगाला अंग घासेल अशी. झाडं मोठी होईपर्यंत दिसू नये म्हणून आतून हिरवी शेडनेटही ताणून बांधली, द्राक्षाच्या रोपांवर बांधतात ती. कुठूनही बघा, पत्रा दिसत नव्हता. मामंजी चहूबाजूंनी फिरून आले, वाकून बघितलं, टाचा वर करून बघितलं. इतका पक्का आडोसा आमच्या मळ्यात आजवर कुणाला मिळाला नव्हता.

पाहुणे आले, बाग बघून खूश झाले. विहीणबाई म्हणाल्या, किती छान मेंटेन केलंय. लग्न पार पडलं. नवी जाऊ मात्र गुणी निघाली. तिला एसीचं काही कौतुक नव्हतं. महिन्याभरात तिला खोकला लागला आणि ती खिडकी उघडी टाकून झोपायला लागली. मला म्हणाली, "ताई, अडुळशाचा काढा करतात ना खोकल्यावर? मिळेल का कुठं?" मी तिला काय सांगू? बांध ओलांडून दुसऱ्याच्या मळ्यात गेले आणि पानं मागून आणली.

आत्याबाईंनी सुरुवातीला गोठ्याच्या मागं प्रयत्न केला. अंधारात बादली घेऊन जायच्या, जुन्या सवयीनं. ते मामंजींना कळलं. ते म्हणाले, नव्या सुनेच्या माहेरची मान्सं येत्यात-जात्यात, घरात एवढी बाथरूम असताना म्हातारी शेणात न्हाते, लोकं काय म्हनतील? त्यांनी गोठ्यामागची बादलीच उचलून आत ठेवली. मग आत्याबाई आत जायला लागल्या. कमोडवर एक जुनं लुगडं झाकायच्या आणि त्याच्याकडं पाठ करून बसायच्या. दार लावलं की जीव घाबरतो म्हणून दार किलकिलं ठेवायच्या आणि मी बाहेर पाट टाकून राखण बसायची. म्हणजे बघा, आडोशासाठी बाई बसवावी लागली.

श्रावणात एक दिवस मी शेतात होते. राखणीला कुणी नाही म्हणून त्यांनी दार आतून लावलं. फरशी साबणानं निसरडी झालेली. पडल्या. नव्या जावेनं आवाज ऐकला, पण कडी आतून. दीर दुकानावर, हे रानात. शेवटी मामंजींनी पहारीनं कडी उचकटली. आत बाई उघडी पडलेली, आणि दारात नवरा, गडी, शेजारच्या मळ्यातले दोघं. जन्मभर जिनं दंड दिसू दिला नाही, तिला अंगावर चादर टाकून चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं. मला ते सांगताना जाऊ रडत होती. मी नाही रडले. मला इतका राग आला होता की रडू फुटेना.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मंचरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, रॉड घातला. डॉक्टर म्हणाले चालतील. त्या चालल्या नाहीत. एकदा उभं केलं तेव्हा पाय थरथरला आणि त्या म्हणाल्या, "बसू द्या मला." त्या बसल्या त्या खाटेवरच. बंगल्याच्या मागच्या खोलीत त्यांची खाट. खिडकीबाहेर ती मोरपंखी, तो बगळा आणि आत कोंडलेला तो डबा. भेटायला येणारी माणसं आधी खिडकीतून बाग बघायची, मग खाटेकडं वळायची.

दसऱ्याला मामंजींनी नेहमीप्रमाणं अवजारं पुजली. ट्रॅक्टरला झेंडूचा हार, मोटरला हार, दिराच्या गाडीला हार. मग त्यांना डब्याची आठवण झाली. झाडं बाजूला सारून त्यालाही हळदकुंकू लावलं, माळ घातली, आणि जाळीत आपट्याची डहाळी खोचली. संध्याकाळी लाईट आली, दिरानं एसी चालू केला आणि आतून असा खडखडाट झाला की सगळे घराबाहेर पळाले. पंख्यात डहाळी आणि माळेचा दोरा गुंतला होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येऊन पातं बदलून गेला. मामंजी म्हणाले, देवाचं केलं, वाईट काय केलं. दसऱ्याच्याच संध्याकाळी मी आत्याबाईंना तो खडखडाट सांगितला तेव्हा त्या खूप दिवसांनी हसल्या. मग म्हणाल्या, "त्या डब्याला सोनं सकाळी दिलं. मला आजून कोन आलं न्हाई द्यायला." तेव्हा दिवे लागले होते. मी माझ्याच पदरातली दोन पानं त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांना आंघोळ आता मीच घालायचे, खाटेवर. खाली प्लॅस्टिकचा कागद, कढत पाण्याची बादली, ओलं फडकं. धाकटी जाऊ दाराला पाठ लावून उभी राहायची. एकेक अंग उघडायचं, पुसायचं, झाकायचं. आत्याबाई डोळे मिटून पडून राहायच्या. एकदा म्हणाल्या, "मढ्याला बी येवढं चोरून न्हाई न्हाऊ घालत गं." मी त्यांना गप्प बसवलं. पण खोटं काय होतं त्यात?

पुढचा उन्हाळा आला. मोरपंखी आता डब्याच्या वर गेली होती, गच्च. एसी चालू केला की पाच मिनिटांत बंद पडायचा. दिरानं दोनदा-तीनदा प्रयत्न केला आणि मेकॅनिकला बोलावलं. मी त्या वेळी आत्याबाईंची पाठ पुसत होते. उकडत होतं म्हणून खिडकी उघडी होती, पडदा तेवढा ओढलेला. बाहेरचा शब्दन्‌शब्द आत येत होता.

मेकॅनिक म्हणाला, "अहो, ह्याला कोंडून घातलंय तुम्ही. ह्याची गरम हवा बाहेर जायलाच जागा नाही. असं ठेवलं तर मरणार हे."

"मंग काय करायचं?" मामंजींचा आवाज. असा काळजीचा आवाज मी त्यांचा याआधी एकदाच ऐकला होता, बैलाला सर्प डसला तेव्हा.

"आडोसा काढा सगळा. उघडं असू द्या."

"सगळा?"

"समोरचा तर सगळाच."

मग कोयत्याचे घाव ऐकू यायला लागले. एवढ्या हौसेनं लावलेली झाडं, ठिबक घालून वाढवलेली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथं आधी झोपा केला, मग तोडला, आणि ज्याचं जायचं ते जाऊन बसलं होतं.

आत्याबाईंनी डोळे उघडले. "काय तोडत्यात गं?"

"मशिनीचा आडोसा."

"का? आत्ता तर केला व्हता."

"त्याला सोसत नाही म्हणे. जीव गुदमरतो त्याचा."

त्या ऐकत राहिल्या. बाहेर मामंजी मेकॅनिकला विचारत होते, "एवढं बास का? का आजून मोकळं करू? ह्या अंगाचं पन काढू का? तू सांग, लाजू नको, त्याला काय पायजे ते नीट सांग." कोयता पुन्हा चालला. पुन्हा त्यांचा आवाज, "आता बघ बरं. आता त्याला बरं वाटतंय का?"

आत्याबाई म्हणाल्या, "बघ कसं इचारत्यात त्याला."

मी फडकं बादलीत बुडवून पिळलं.

"मला न्हवतं इचारलं."

माझा हात त्यांच्या पाठीवर थांबला. दाराशी उभी असलेली धाकटी जाऊ खाली बघायला लागली. बाहेर मशीन चालू झालं आणि चालू राहिलं, मामंजी खूश होऊन काहीतरी बोलले. आत्याबाईंनी मान थोडी माझ्याकडं वळवली.

"पूस की गं," त्या म्हणाल्या. "पानी गार व्हतंय."